स्पर्धेत हरण्यात अपमान नसतो, मग अपमान नेमका कशात असतो?

डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका गृहकर्ज कंपनीच्या प्रमुखाने कर्मचाऱ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं आणि सांगितलं, की या कॉलवर जे कोणी आहेत, त्या सगळ्यांची नोकरी गेली आहे. सुमारे ९०० माणसं होती. कॉल तीन मिनिटांच्या आत संपला. त्याचं चित्रण जगभर फिरलं, लोक इतके संतापले की काही दिवसांतच त्या प्रमुखाला माफी मागावी लागली. माफी माणसं कमी केल्याबद्दल नव्हती. ज्या पद्धतीने कमी केली, त्या पद्धतीबद्दल होती.

पुढच्या वर्षांत अशा बातम्या नेहमीच्या झाल्या. सकाळी लॅपटॉप उघडावा तर लॉगिन बंद, आणि कारण शोधायला गेलं की वैयक्तिक ईमेलवर एक ठरावीक मजकुराचं पत्र. वाचणाऱ्याला चीड येते, पण ती कशाची हे नेमकं सांगता येत नाही. कंपन्या माणसं घेतात आणि कमी करतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. स्पर्धा म्हटली की कोणी पुढे जाणार, कोणी मागे पडणार, हेही आपण मान्य केलेलं आहे. मग खुपतं ते काय?

खुपतं त्याला नाव आहे. त्याला मानवी प्रतिष्ठा म्हणतात. कायद्याच्या आणि तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतला हा भारदस्त शब्द पुढे फारसा वापरणार नाही. या लेखापुरतं त्याला ‘मूळचा मान’ म्हणू.

मान दोन प्रकारचा असतो

अमेरिकी तत्त्वज्ञ स्टीफन डार्वॉल यांनी १९७७ मध्ये एक फरक मांडला, तो समजला की या विषयातला निम्मा गोंधळ दूर होतो. आपण ‘मान देणं’ म्हणतो तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतो.

पहिला कमावलेला मान. कुशल शल्यविशारद, उत्तम गवंडी, अव्वल धावपटू यांना तो मिळतो. तो कामावर आणि गुणांवर अवलंबून असतो, म्हणून कमी-जास्त होतो. सगळ्यांना सारखा दिला तर त्याला काही अर्थच उरणार नाही. दुसरा मूळचा मान. समोर माणूस आहे एवढंच त्याचं कारण. त्यात प्रमाण नसतं. तुम्ही थोडे माणूस आणि शेजारचा जास्त माणूस, असं होत नाही.

मार्कशीट आणि जन्मदाखला यांत जो फरक, तोच इथे. मार्कशीटवर गुण असतात, दरवर्षी नवी मिळते, एखादी चांगली येते, एखादी लपवून ठेवावीशी वाटते. जन्मदाखल्यावर गुण नसतात. परीक्षेत नापास झालं म्हणून जन्मदाखला रद्द होत नाही, आणि पहिला नंबर आला म्हणून कोणाला दोन मिळत नाहीत.

अपमान होतो तो एकाचा हिशेब दुसऱ्यात घातला की. ‘या कामासाठी तुमची निवड झाली नाही’ हे मार्कशीटवरचं वाक्य आहे. ते कडू आहे, पण अपमानकारक नाही. निवड झाली नाही हे सांगण्याचीच गरज कोणाला वाटली नाही, तर त्या गप्प राहण्याने जन्मदाखल्यावर शेरा मारलेला असतो: तू कळवण्याजोगा माणूसच नाहीस.

हा मूळचा मान आला कुठून?

वेगवेगळ्या धर्मांत आणि संतपरंपरांत माणसाच्या मोलाबद्दल फार आधीपासून बोललं गेलं आहे. आधुनिक काळात ही कल्पना सर्वांत धारदारपणे मांडली ती जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी, १७८५ मध्ये. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या वस्तूला किंमत असते, तिच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी वस्तू आणता येते. माणसाच्या जागी दुसरा माणूस तसा आणता येत नाही, कारण माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. त्यामुळे माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. यातला ‘निव्वळ’ महत्त्वाचा. आपण रोजच एकमेकांच्या उपयोगी पडतो, चालक आपल्याला पोहोचवतो, आपण त्याला पैसे देतो. त्यात काहीच गैर नाही. गैर होतं ते उपयोगापलीकडे समोरच्याचं काही अस्तित्वच उरलं नाही, तर.

कायद्याच्या भाषेत ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर ठामपणे आली, कारण माणसांना क्रमांक देऊन, मालगाडीत भरून ठार मारता येतं हे जगाने पाहिलं होतं. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचं पहिलंच कलम सांगतं, की सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत आणि प्रतिष्ठा व हक्कांच्या बाबतीत समान आहेत. या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात आधी सर्व ‘पुरुष’ असा अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती. ती बदलून सर्व ‘मानव’ करून घेण्याचं श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांना दिलं जातं. सगळ्यांचा मान म्हणताना अर्धी मानवजात हिशेबातून सुटू शकते, हे त्यांनी वेळेवर ओळखलं याचं मला फार मोल वाटतं.

मूळचा मान किती लांबवर पोहोचतो, हे जर्मनीतल्या एका निकालात दिसतं. जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेचं पहिलंच कलम माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का लावता येणार नाही असं सांगतं. पुढे तिथे एक कायदा झाला: अपहरण झालेलं विमान शस्त्र म्हणून वापरलं जाणार असेल, तर लष्कराला ते पाडता येईल. फेब्रुवारी २००६ मध्ये घटना न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. विमानातले निरपराध प्रवासी तसेही मरणारच आहेत, मग त्यांना मारून जमिनीवरचे वाचवू, असं म्हणणं म्हणजे त्या प्रवाशांना वस्तू समजणं आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. हा निकाल सगळ्यांना पटणार नाही, आणि तो अवघड आहे हे खरंच. पण मूळचा मान ही केवळ गोड भावना नसून तिच्यापायी सरकारचेही हात बांधले जातात, एवढं त्यातून कळतं.

मोठ्या शहरात हा मान इतक्या सहज का सांडतो?

संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार जगातली सुमारे ५५ टक्के माणसं शहरांत राहत होती. १९५० मध्ये हे प्रमाण ३० टक्के होतं. म्हणजे बहुसंख्य माणसं आता रोज अनोळखी लोकांमध्ये वावरतात. लहान वस्तीत तुमच्याबद्दल लोकांना दहा गोष्टी ठाऊक असतात: तुम्ही कोणाचे कोण, गाता का, आजारपणात कोणाकडे धावून गेलात. (ती ओळख सुखाचीच असते असं नाही. जात, घराणं, जुन्या चुका या गोष्टीही तिथे कोणी विसरत नाही. त्या ओळखीतून सुटायला शहराकडे आलेली माणसं काही थोडी नाहीत, आणि त्यांना शहराने मोकळा श्वास दिला आहे.) शहरात मात्र समोरच्याला तुमच्याबद्दल एक-दोनच गोष्टी दिसतात. कपडे, पद, कंपनी, घर कुठल्या भागात. हे सगळं मार्कशीटवरचं. दुसरा कागद कोणी मागतच नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मध्येच लिहून ठेवलं, की महानगरात इतके चेहरे, आवाज आणि प्रसंग अंगावर येतात, की टिकून राहायचं तर माणसाला मनावर एक जाड कातडी चढवावीच लागते. यात दुष्टपणा नाही. गर्दीच्या फलाटावर प्रत्येकाची विचारपूस करणं कोणालाही शक्य नाही. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये आणखी एक बारीक गोष्ट दाखवली. लिफ्टमध्ये किंवा रस्त्यावर अनोळखी माणसं एकमेकांकडे क्षणभर पाहतात आणि नजर काढून घेतात. तू आहेस हे मी पाहिलं, आणि तुला तुझ्यापाशी राहू देतो, असा त्याचा अर्थ. हाही मानच आहे, आणि शहरातला बहुतेक मान असाच, न बोलता दिला जातो.

त्यामुळे शहरात लोक बोलत नाहीत म्हणून माणुसकी संपली, ही ओरड मला पटत नाही. बिघाड वेगळ्या ठिकाणी आहे. एखाद्या कार्यालयाच्या दारापाशी दिवसभर उभा असलेला सुरक्षारक्षक पाहा. शंभर माणसं आत जातात. बहुतेक फोनवर असतात, ओळखपत्र त्याच्या दिशेने नुसतं हलवतात. तो दार उघडून धरतो, त्यातून माणूस पुढे जातो, आणि दार आपोआप उघडलं असतं तर चेहऱ्यावर जे भाव असते, तेच आताही असतात. मग साहेब येतात. फोन खाली येतो, मान लवते, हसू उमटतं. म्हणजे नजर देण्याची ताकद आणि वेळ दोन्ही होतं. कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, ते पदाकडे बघून ठरलं. गॉफमन म्हणतात ते नजर काढून घेणं वेगळं आणि नजर न टाकणंच वेगळं. ते सोसणाऱ्याला हा फरक पुरेपूर कळतो.

आता यात अॅपवरचे तारे आले आहेत. सामान पोहोचवणारा, गाडी चालवणारा, घरी येऊन दुरुस्ती करणारा, सगळ्यांना आपण अंगठ्याने गुण देतो. कामाला गुण देणं ठीक आहे, ग्राहकाला दर्जा मागण्याचा हक्क आहे. पण त्या ताऱ्यांमागे काय चालतं ते आपल्याला दिसत नाही. पाचपैकी तीन म्हणजे ‘बरं होतं’ असं आपण समजतो. पलीकडच्या माणसाची सरासरी घसरते, काम कमी मिळू लागतं, आणि का ते विचारायला समोर कोणी नसतं. पाऊस होता, पत्ता चुकीचा होता, लिफ्ट बंद होती, यासाठी तिथे रकानाच नसतो.

क्रमांक वाटून घ्यावा लागतो, मान नाही

शंभर जणांत पहिले दहा दहाच असतात. सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तरी दहाच. एकाने वर जायचं तर दुसऱ्याने खाली यायलाच हवं. म्हणून ज्या समाजात मान फक्त क्रमांकातूनच मिळतो, तिथे बहुसंख्य माणसं आयुष्यभर अपमानित राहणार, हे आधीच ठरलेलं असतं. त्यात त्यांच्या आळसाचा संबंध नाही. मूळच्या मानाचं तसं नसतं. तुम्हाला नीट वागवलं म्हणून माझ्या वाट्याचं काही कमी होत नाही.

याला आणखी एक दुखरी बाजू आहे. जन्मावरून उच्चनीच ठरवणाऱ्या समाजात अन्याय भयंकर होता, पण तळाच्या माणसाला निदान म्हणता येत होतं की हा अन्याय आहे. सगळं गुणवत्तेवर ठरतं असं सांगणाऱ्या समाजात मागे पडलेल्याला तेवढाही आधार उरत नाही. तुझीच लायकी नव्हती, असं त्याला ऐकावं लागतं. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी १९५८ मध्येच हा धोका दाखवला होता. प्रत्यक्षात सुरुवातीची रेषा सगळ्यांची एक नसते: घरचे पैसे, भाषा, तब्येत, ओळखी, नशीब. जिंकणाऱ्याला मेहनत आठवते आणि या बाकीच्या गोष्टी विसरायला होतात. मग आपण अधिक गुणी आहोत एवढ्यावर तो थांबत नाही, आपण अधिक माणूस आहोत असं त्याला वाटायला लागतं.

‘मनाला लावून घेऊ नका’ म्हणून भागतं का?

पहिला आक्षेप हाच येतो: अपमान मानण्यावर असतो, कातडी जाड करा. पण शरीर हे मानत नाही. ताण आला की शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं. २००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी अशा २०८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. कॉर्टिसोल सर्वांत जास्त वाढतं आणि पूर्ववत व्हायला सर्वांत जास्त वेळ लागतो तो कधी, तर आपल्या हातात काही नसताना दुसरे आपल्याला जोखत असतात तेव्हा, असं त्यांना आढळलं. काम नुसतं कठीण आहे म्हणून तेवढं होत नाही.

लंडनमध्ये १९६७ पासून सुमारे १८,००० सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा माग ठेवला गेला. यात कोणी उपाशी नव्हतं, बेकार नव्हतं, सगळे कचेरीत काम करणारे. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात घेऊनही हा फरक पुरता मिटला नाही. याचं एकमेव कारण अपमान आहे असं म्हणणं चूक ठरेल. पुढच्या संशोधनात, आपल्या कामावर आपला किती ताबा आहे ही गोष्ट ठळकपणे समोर आली. मला मात्र या दोन गोष्टी फार लांबच्या वाटत नाहीत. ज्याला कधीच कोणी विचारत नाही, ज्याला फक्त सांगितलं जातं, त्याला आपण मोजण्यात नाही हे रोज कळत असतं.

‘मान मागून मिळत नाही, कमवावा लागतो’

कमावलेल्या मानाबद्दल हे शंभर टक्के खरं आहे. आळशी सहकाऱ्याचं कौतुक करा असं कोणीच म्हणत नाही. त्याला कमी गुण द्या, बढती नाकारा, वेळ आली तर काढून टाका. फक्त ते चारचौघांत त्याची नक्कल करून करू नका.

मग ज्याने गुन्हा केला त्याचं काय? २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी कैद्यांच्या वागणुकीचे सुधारित नियम स्वीकारले, ते नेल्सन मंडेला यांच्या नावाने ओळखले जातात. त्यातला पहिलाच नियम सांगतो, की प्रत्येक कैद्याला त्याच्या अंगभूत मानवी प्रतिष्ठेला साजेशी वागणूक मिळाली पाहिजे. शिक्षा पूर्ण भोगायची, पण माणूस म्हणून. जो मान कैद्याचाही सुटत नाही, तो विक्रीचं उद्दिष्ट चुकलेल्या मुलाचा सुटतो, असं धरून चालणारे वरिष्ठ पाहिले की मन विटतं.

‘धाक नसेल तर कामं होत नाहीत’

हा आक्षेप अनुभवाच्या नावावर खपतो, म्हणून प्रयोगाकडे पाहू. २०१५ मध्ये इस्रायलमधल्या नवजात अतिदक्षता विभागांच्या २४ पथकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पथकांना सरावासाठी आजारी बाळाचा एक बनावट प्रसंग दिला होता. काही पथकांना बाहेरच्या ‘तज्ज्ञा’ने इस्रायलमधल्या वैद्यकीय सेवेच्या दर्जाबद्दल खोचक शेरे ऐकवले. आरडाओरडा नाही, शिवी नाही. बाकीच्यांशी साधं बोलणं झालं. शेरे ऐकलेल्यांची निदानं आणि उपचार दोन्ही घसरले. मोठं कारण असं दिसलं, की माणसं एकमेकांना माहिती सांगेनाशी झाली, मदत मागेनाशी झाली.

धाकाने हालचाल वाढते, हे मान्य. माणूस जागेवर बसून राहतो, होकार भरतो. पण चूक दिसली तर तो बोलत नाही. बाळाच्या इनक्युबेटरपाशी असो की हिशेबाच्या फायलीपाशी, न बोललेली चूक तशीच पुढे जाते.

‘म्हणजे गोड बोललं की झालं?’

नाही. गोड बोलण्याआड अपमान मजेत लपतो. ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ असं वर्षभर सांगायचं आणि पगाराचा प्रश्न विचारला की गप्प करायचं, यात शब्द सभ्य आहेत, वागणूक नाही. उलट एखादी कडक बाई वर्गात रागावते, पण मुलाचं म्हणणं पूर्ण ऐकते, चूक कुठली ते दाखवते, दुसऱ्या दिवशी तेच धरून बसत नाही. तिच्या रागातही मान असतो.

म्हणून सूर पाहण्यापेक्षा तीन साध्या गोष्टी पाहाव्यात. ज्याच्याबद्दल निर्णय झाला त्याला तो कारणासकट सांगितला का? त्याला उलट बोलायची जागा होती का? आणि चार लोकांसमोर करायची गरज नसलेली गोष्ट चार लोकांसमोर केली का? निकाल तोच राहील, नकार नकारच राहील. तरी या तीन गोष्टींची उत्तरं नीट असतील तर माणूस हरून घरी जातो, खचून नाही.

हे नियमांत बसवता येतं का?

बरंचसं येतं, आणि बसवलंही आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या करारात असं आहे, की वागणूक किंवा कामगिरी यावरून एखाद्याला काढायचं असेल तर आधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी, अपवादात्मक परिस्थिती वगळता त्याशिवाय काढू नये. त्याच संघटनेचा २०१९ चा करार कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्ध आहे. तो २०२१ मध्ये अमलात आला. ज्या देशांनी हे करार स्वीकारले, त्यांच्यावरच ते बंधनकारक आहेत, ही मर्यादा मोठी आहे.

ताऱ्यांच्या आणि अॅपच्या जगासाठी युरोपीय संघाने २०२४ मध्ये एक नियमावली केली. अशा प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्याचं खातं स्थगित किंवा बंद करण्याचा निर्णय माणसानेच घेतला पाहिजे, यंत्रावर सोडून चालणार नाही, असं ती सांगते. त्यासाठी सदस्य देशांना २ डिसेंबर २०२६ ही मुदत दिली गेली. माणूस निर्णय घेतो म्हणजे तो न्याय्यच घेतो असं नाही. पण कोणीतरी उत्तरदायी राहतो, आणि ‘सिस्टिमने केलं’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

या सगळ्यातून एक मोठा गट बराचसा सुटतो: जे अजून आत आलेलेच नाहीत. अर्ज करून, चाचणी देऊन, दोन-तीन मुलाखतींना रजा काढून जाऊन उत्तराची वाट पाहणारे. छळाविरुद्धचा २०१९ चा करार अर्जदारांनाही लागू होतो, पण अर्जाला उत्तर द्यायलाच हवं असं वरचे करार किंवा नियमावली सांगत नाहीत. महिनाभर ते फोन जवळ घेऊन झोपतात, स्पॅमची पेटी उघडून पाहतात, पुन्हा विचारलं तर आपण अगतिक वाटू का, या विचाराने विचारत नाहीत. त्यांच्यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही. जाहिरातीतच एक तारीख छापावी, की या दिवसापर्यंत प्रत्येक अर्जदाराला होय किंवा नाही असं कळवलं जाईल, आणि त्या दिवशी तसं कळवावं. मुलाखतीपर्यंत आलेल्यांना नकाराचं कारण एका वाक्यात लिहावं. ज्या संगणकावर हजार अर्ज काही मिनिटांत चाळले जातात, त्याच संगणकावरून हजार उत्तरंही जाऊ शकतात.